सावळीरामचे काळेभोर टायर

सावळीरामला चकाकी लागायची. स्वतःची दाढी चार-चार दिवस वाढलेली असली तरी चालेल, पण हाताशी असलेली वस्तू लखलखली पाहिजे. डब्याचं झाकण, जीपचा बंपर, बत्तीची काच, सगळं घासूनपुसून. बायकोच्या पायातली जोडवीसुद्धा तो महिन्यातून एकदा मागून घ्यायचा आणि राखेनं घासून परत द्यायचा. साधना म्हणायची, "अहो, एकदा मलाही घासून उन्हात ठेवा, म्हणजे मीही चमकेन." त्यावर तो नुसता हसायचा आणि फडकं शोधायला जायचा.

ही खोड कारखान्यातली. एकोणीस वर्षं त्यानं सातपूरच्या एका कारखान्यात, रंगखात्यात काढली. लोखंडी कपाटांवर रंगाचा शेवटचा हात मारायचा आणि वर पॉलिश करायचं. तिथला सुपरवायझर सांगायचा, गिऱ्हाईक वरचं बघतं, आतलं देव बघतो. सावळीरामनं त्यातला पहिला अर्धा भाग मनाशी घट्ट धरला, दुसरा तिथंच विसरला. पुढे कारखान्याला कुलूप लागलं. मखमलाबादला बापाची झेंडूची शेती होती, पण चार भावांत वाटून त्याच्या वाट्याला इतकी जमीन आली की तीत उभं राहता येत होतं, बसायचं म्हटलं तर भावाच्या बांधाला पाय लागत होते. तेव्हा पंचेचाळिशी उलटलेल्या या माणसानं दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि मधमाश्या पाळायला सुरुवात केली. आधी दहा पेट्या होत्या, त्यांच्या साठ झाल्या.

मधमाशीवाल्याला एक गाव नसतं. फुलं जिथं, तिथं तो. हिवाळ्यात दिंडोरीकडच्या कोथिंबिरीवर, फेब्रुवारी-मार्चात लासलगावच्या बाजूला डोंगळ्यांवर. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला उंच दांड्यावर पांढरे गोंडे येतात, ते डोंगळे. माशी फिरली नाही तर त्यांत बी धरत नाही, म्हणून शेतकरी आग्रहानं पेट्या ठेवून घेतात. उन्हं तापली की पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात, करवंदा-जांभळाच्या मोहोरावर. असं वर्षाचं रहाटगाडगं.

यासाठीच सावळीरामनं ओझरच्या वेल्डरकडून एक ट्रेलर बांधून घेतला होता. पुढे सहा फुटांची खोली: एक बाज, एक शेगडी, खिडकीला पडदा. मागे दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, तीन थर, प्रत्येक थरात वीस पेट्या. वर पत्रा. जुन्या जीपच्या चार डिस्क, त्यांवर चार टायर, आणि ओढायला त्याची स्वतःची जीप. ट्रेलरला रंग झेंडूचा दिला होता, बापाची आठवण म्हणून. वर्षातले आठ महिने नवरा-बायको त्यातच राहायचे. साधनानं दाराला तोरण लावलं होतं आणि मागच्या कडीला तुळशीचा डबा टांगला होता. हेच त्यांचं घर.

आणि या घराचे पाय म्हणजे ते चार टायर. सावळीरामचा खरा जीव त्यांच्यावर. खंडेनवमीला सगळेच आपापल्या गाड्या धुतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. हा त्या दिवशी एका डब्यात डिझेल आणि जळकं ऑइल कालवायचा आणि दाढीच्या जुन्या ब्रशनं चारही टायरांना हात मारत बसायचा. टायर असे काळेभोर व्हायचे की लासलगावजवळचे केरूनाना, ज्यांच्या डोंगळ्यांत पेट्या असायच्या, ते दर वर्षी म्हणायचे, "सावळीराम, ह्या टायरात बघून भांग पाडावा असं हाय बाबा." या एका वाक्यावर सावळीराम आठ दिवस जेवल्यासारखा असायचा. मग नुसत्या खंडेनवमीवर त्याचं भागेना. मुक्काम हलवायच्या आदल्या संध्याकाळी तो डबा आणि ब्रश निघायचाच. परक्या गावात जायचं तर नीटनेटकं जावं, असं त्याचं म्हणणं.

साधना भांडी घासायला रोज चाकापाशी बसायची, सावली तिथंच असते म्हणून. गेल्या पावसाळ्यापासून तिला टायरच्या कडेला बारीक चिरा दिसत होत्या. तिनं सांगितलं, "अहो, टायरला भेगा पडल्यात. टाचेला पडतात तशा." त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "टाचेच्या भेगांनी कुणी चालायचं थांबतं का? आणि नक्षी बघ की, नवीकोरी आहे." नक्षी नवीकोरी होती हे खरं. ट्रेलर दोन-दोन महिने एका जागी उभा, झिजणार कुठून? मग आपण टाचेला आमसुलाचं तेल लावतो तसं त्यानं भेगांवर दोन हात जास्तीचं डिझेल लावलं. भेगा दिसेनाशा झाल्या. विषय संपला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डोंगळे वाळायला लागले आणि केरूनानांचा निरोप आला, शेजारच्या शेतात परवा फवारणी आहे, तुमच्या पेट्या उद्याच हलवा. औषध अंगावर आलं तर माशी जगत नाही. म्हणजे थांबायची सोय नव्हती आणि परत फिरायचीही नव्हती.

पेट्या हलवायची रीत ठरलेली. दिवेलागणीला सगळ्या माश्या घरी आल्या की पेटीच्या दाराला जाळीची पट्टी ठोकायची, रातोरात निघायचं आणि ऊन चढायच्या आत नव्या जागी दारं उघडायची. बंद पेटीत माशी जास्त काळ राहू शकत नाही. हजारो जीव पंख हलवून वारा घालतात, त्यांच्याच अंगाची ऊब वाढत जाते. त्यात ऊन लागलं तर मेण मऊ पडतं, पोळं ढासळतं आणि आतल्या आत सगळं संपतं. एका सकाळीत.

त्या संध्याकाळी उकाडा होता. आठ-दहा पेट्यांच्या माश्या आत जाईनात. दाराबाहेर दाढीसारख्या लोंबत राहिल्या. त्या आत जायची वाट बघता बघता निघायला पावणेचार झाले, एरवी दोनला निघतात. या वेळात सावळीरामनं काय केलं असेल? टायरांना डिझेल लावलं. साधना म्हणाली, "हवा तरी तपासा." तो म्हणाला, "लाथ मारून बघितली, दगड आहे दगड."

पहिला टायर आडगावच्या अलीकडे फुटला. सव्वापाच वाजले होते. स्टेपनी होती. सावळीरामनं खाली जॅक लावला, पाना चालवला, वीस मिनिटांत चाक बदललं आणि वर साधनाला म्हणाला, "खिळा असेल." फुटलेल्या टायरकडे त्यानं बघितलं नाही. बघितलं असतं तर खिळा नव्हता हे त्याला कळलं असतं, आणि म्हणूनच त्यानं बघितलं नाही असं माझं मत आहे.

दुसरा टायर पेठ नाका ओलांडला तेव्हा गेला. आवाज इतका मोठा की भाजी उतरवणाऱ्या बायका ओरडल्या. ट्रेलर डाव्या अंगाला बसला, मागच्या कडीचा तुळशीचा डबा रस्त्यावर पडला. साधना धावत मागं गेली. तिनं पेटीला कान लावला. आत एकसारखा, खालच्या पट्टीतला घुमारा चालू होता. "जिवंत आहेत," ती म्हणाली. मग तिनं खाली बघितलं. त्याच बाजूच्या दुसऱ्या चाकाला कडेनं फुगा आला होता, लिंबाएवढा. पूर्वेला आभाळ उजळायला लागलं होतं.

नशीब एवढंच की समोर टायरचं दुकान होतं आणि दुकानदार दुकानामागेच राहत होता. लखन त्याचं नाव. पस्तिशीचा, बनियनवर, तोंडात ब्रश. सावळीरामनं त्याच्यासमोर अक्षरशः हात जोडले. "भाऊ, पेट्यांत माश्या आहेत. ऊन चढायच्या आत डोंगरात पोचलो नाही तर सगळ्या मरतील. काहीही कर."

लखननं चूळ भरली आणि फुटलेल्या टायरपाशी उकिडवा बसला. बोट फिरवलं, वास घेतला. मग आतून पेट्रोलचा बोळा आणून त्यानं टायरची कड पुसली. काळा लेप निघाला आणि खालचं रबर दिसलं. उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखं, आडवंउभं तडकलेलं.

"अण्णा, ह्याला काय लावता तुम्ही?"

"डिझेल. आणि जळकं ऑइल." सावळीरामच्या आवाजात सवयीनं थोडा अभिमान आला आणि लगेच मावळला.

"कधीपास्नं?"

"नवा होता तेव्हापासून."

लखननं अंगठ्यानं टायरवरची एक लांबट चौकट पुसली. तिच्यात चार आकडे कोरलेले होते. "बावीस, सोळा. म्हंजे सोळा सालातला बाविसावा आठवडा. नऊ वरीस झाले ह्याला, अण्णा. नक्षीवर जाऊ नका. रबर उभ्याउभ्या बी म्हातारं हुतं. अन् डिझेल रबर खातं. तुम्ही नऊ वरीस त्याला खायला घातलंय."

सावळीरामनं हातातलं फडकं खिशात कोंबलं. साधनानं त्याच्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. तिला बोलायचं होतं ते गेल्या पावसाळ्यापासून बोलून झालेलं होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. फरक इतकाच की हा तमाशा त्यानं स्वतःच्या हातानं, दाढीच्या ब्रशनं, भक्तिभावानं उभा केला होता.

आता प्रश्न होता कुठले टायर घालायचे. लखननं दोन गोष्टी पुढे ठेवल्या. दुकानात कारचे चार नवे टायर होते. सध्याच्या डिस्कवर ते बसत होते. अर्ध्या-पाऊण तासात चारही चाकं तयार. सावळीरामचा हात आपोआप त्यांच्यावर गेला. काय सुंदर टायर होते! काळे, नितळ, कारखान्यातून आलेली बारीक लव अजून अंगावर होती.

"हेच टाक," तो म्हणाला. "लगेच टाक."

"थांबा की. वजन किती हाय तुमचं?"

साधनानं हिशेब सांगितला. पेटी मधानं भरलेली, तीस किलोची. साठ पेट्या. वर लोखंड, खोली, संसार. लखननं बोटांवर मोजलं. "एका चाकावर साडेसहाशे किलो येतंय. ह्या टायरला पाचशेच्या वर झेपत नाय, हितं कडंला लिवलेलं हाय. सपाटीला चाललं बी. पर पुढं सावळघाट हाय, कोटंबीचा घाट हाय. उतरताना तापून फुटलं तर पेट्या दरीत अन् मागं तुम्ही."

"मग दुसरं काय?"

"पिकअपचे टायर. जाड, वजन झेलणारे. पर ते तुमच्या डिस्कवर बसत नाय, मोठे हायत. डिस्क बी बदलाव्या लागतील. पाच नटांच्या, तुमच्या आसाच्या हबला बसणाऱ्या. दोन हितं हायत, दोन चुलत्याच्या गोदामातून आणतो. जुने दिसतील, पर आतून पक्के."

"किती वेळ?"

"दोन तास. थोडं मागंपुढं."

सहा वाजून गेले होते. दोन तास म्हणजे सव्वाआठ, पुढे घाटातून दीड-दोन तास. दहा वाजता मार्चातलं ऊन काय असतं हे नाशिककराला सांगायला नको. सावळीराम दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्यानं डोकं धरलं. लवकर जावं तर घाट खाणार, थांबावं तर ऊन खाणार. इकडे आड, तिकडे विहीर. "कारचेच टाक," तो पुन्हा म्हणाला. "हळूहळू नेईन. देवाचं नाव घेत नेईन."

तेव्हा साधना पुढे झाली. "लखनभाऊ, ह्या ट्रेलरमध्ये तुमची बायको-पोरं बसायची असती तर तुम्ही कुठले टायर घातले असते?"

लखननं पिकअपच्या टायरांकडे बोट केलं. धुळीनं माखलेले, बेढब, एकावर मातीचे शिंतोडे.

"मग ते घाला."

"अगं पण ऊन..."

"अहो, दोनदा फुटलेलं नशीब घेऊन घाटात जायचं नाही मला. टायर तोंड बघून घ्यायचे नसतात. एकदा घेतले, पुरे झालं."

नवऱ्याला ती असं कधी बोलली नव्हती. सावळीराम पायरीवरून उठला आणि जॅक काढायला गेला.

लखन गोदामाकडे गेला आणि वाट बघणं सुरू झालं. नाक्यावरच्या सुमनबाई कोथिंबीर विकायच्या. त्यांनी आपल्या जुड्यांवरची ओली गोणपाटं ओढून काढली आणि म्हणाल्या, "घे गं बाई, माझी भाजी सुकली तर सुकंल, जीव तरी वाचू दे." साधना आणि सुमनबाई पाण्याच्या बादल्या घेऊन पेट्यांवर शिंपडू लागल्या. सावळीराम पत्र्यावर चढला आणि त्यानं गोणपाटं पसरली. पत्रा अजून गार होता. साडेसातला कोमट झाला. आठला हात ठेववेना.

लखन सव्वाआठला आला, पण एकच डिस्क जुळली. दुसरीची भोकं बसत होती, मधलं तोंड मात्र हबवर बसेना. तो शिव्या घालत पुन्हा गोदामाकडे पळाला. त्या माणसाला दोष देता येत नाही. तो खरंच पळत होता.

आणि घुमाऱ्याचा आवाज बदलायला लागला. खालच्या थरात तो अजून एकसारखा होता, पण वरच्या थरात चिरका झाला, घाबऱ्या माणसाच्या श्वासासारखा. पाणी शिंपडलं की क्षणभर खाली यायचा, पुन्हा चढायचा. नऊच्या सुमारास वरच्या थरातल्या एका पेटीतून मध ठिबकायला लागला. पोळं आत ढासळलं होतं. मध मांडणीवरून ओघळत खाली, काढून ठेवलेल्या त्या जुन्या काळ्याभोर टायरांवर पडू लागला. रस्त्यानं जाणारा एकजण थांबला आणि म्हणाला, "अण्णा, मध वाया चाललाय, भांडं तरी लावा." सावळीराम त्याच्या अंगावर धावून गेला असता, पण तेवढी ताकद त्याच्यात उरली नव्हती. तो फक्त म्हणाला, "जा बाबा."

मग त्या पेटीचा आवाज थांबला. अगदी थांबला. सावळीरामनं जाळीला कान लावला, बोटानं टकटक केली. काही नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला आपल्या पेटीतून शांतता ऐकू आली. तो पत्र्यावरच गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. पंचावन्न वर्षांचा माणूस, भर नाक्यावर. "मी मारल्या," तो म्हणत होता. "साधना, ह्या मी मारल्या. माझ्या हातानं."

साधना खालून म्हणाली, "वरच्या थराची दारं उघडा."

म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. दार उघडलं की माशी बाहेर पडणार, आकाशात दोन फेऱ्या मारून जागा डोक्यात पक्की करणार आणि चरायला दूर जाणार. परत येईल ती ह्याच जागी, ह्याच उंचीवर. तोवर ट्रेलर निघून गेला तर तिला घर नाही. पण दारं बंद ठेवली तर वरच्या वीस पेट्या संपणार होत्या. आणि साठही उघडून दिवेलागणीपर्यंत इथंच थांबावं, तर समोर शाळा होती, बाजार भरत होता. वाहतूक पोलीस आधीच दोनदा येऊन गेला होता. सगळ्या माश्या बाहेर आल्या असत्या तर नाका मोकळा करायची पाळी आली असती.

सावळीरामनं डोळे पुसले आणि वरच्या थराच्या पट्ट्या उचकटल्या. माश्या बाहेर आल्या. सुमनबाईंनी डोक्यावरून पदर ओढून घेतला, दोन-चार लोक पळाले. पण कुणाला डंख बसला नाही. त्या थकलेल्या होत्या. ट्रेलरभोवती, दुकानाच्या पाटीभोवती गोल फिरल्या आणि गोदावरीच्या दिशेनं गेल्या. बहुतेक पाण्याला. पोरी शाळेत निघताना मागं वळून बघतात तशा त्या पेटीकडे तोंड करून क्षणभर हवेत थांबत होत्या. जागा पाठ करत होत्या.

पावणेदहाला लखननं शेवटचा नट आवळला. जुनी, गंजलेली, बेढब चाकं. ट्रेलर त्यांच्यावर ताठ उभा राहिला. खालच्या दोन थरांत चाळीस पेट्या अजून बोलत होत्या. तासभर अजून थांबलं तर त्याही बोलायच्या थांबणार.

"चला," साधना म्हणाली.

"त्या परत आल्या नाहीत अजून."

"अहो, चला."

त्यानं वरच्या पेट्यांना पुन्हा पट्ट्या लावल्या. आत राण्या होत्या, अंडी होती, अजून उडता न येणाऱ्या लहान माश्या होत्या. कर्त्या सगळ्या बाहेर. जीप सुरू झाली तेव्हा पाच-पन्नास माश्या पाणी घेऊन परतत होत्या. सावळीरामला आरशात त्या दिसल्या. मग त्यानं आरसा वळवून ठेवला.

घाट त्या चाकांनी निमूट चढला आणि निमूट उतरला. पेठच्या पुढे डोंगराच्या सावलीत त्यांनी दारं उघडली तेव्हा साडेअकरा झाले होते. खालच्या चाळीसपैकी अडतीस जगल्या. वरच्या वीसपैकी सहा गेल्या, आणि उरलेल्या चौदा माणसं परगावी गेलेल्या घरांसारख्या, अर्ध्या रिकाम्या. सावळीरामनं मेलेल्या माश्या हातानं बाहेर काढल्या. खराटा घेतला नाही. साधनानं त्याला जेवायला हाक मारली, पण तो उठला नाही. तिनं ताट झाकून ठेवलं.

साडेपाचला लखनचा फोन आला.

"पोचला का अण्णा? चाकं कशी हायत?"

"चाकं चांगली आहेत, भाऊ."

"बरं झालं. अण्णा, त्या परत आल्यात हो. दुपारभर हवेत उभ्या हुत्या. ट्रेलर जिथं उभा हुता ना, तिथंच, पेटीच्या उंचीवर. नुसत्या घुमतायत. गिऱ्हाइकाला काय चावल्या नाय. आता ऊन उतरलं तशा खाली बसल्यात. तुमच्या जुन्या टायरांवर. त्यावर मध सांडलाय ना. काय करू? शेजारी म्हणतोय, धूर करू."

"धूर करू नको," सावळीराम उठून उभा राहिला. "मी येतो."

साधना पेट्यांकडे वळली. जगलेल्या एका पेटीतून अंडी असलेल्या पोळ्याची एक लाकडी चौकट काढून तिनं रिकाम्या पेटीत ठेवली आणि पेटी जीपमध्ये चढवली. माशीला अंडी दिसली की ती त्यांना सोडून जात नाही. बाईमाणसालाच हे सुचतं असं मी म्हणणार नाही, पण त्या वेळी सुचलं ते तिलाच.

तो पोचला तेव्हा नाक्यावर दिवे लागले होते. दुकानाच्या कडेला ते चार टायर एकावर एक रचलेले होते आणि त्यांच्यावर माश्या बसल्या होत्या. इतक्या, की ज्या काळ्याभोर चकाकीवर त्यानं नऊ वर्षं जीव टाकला ती कुठंच दिसत नव्हती. खाली जमिनीवरही होत्या, पाय आखडलेल्या. सुमनबाईंनी आपलं दुकान उचललं नव्हतं. कुणी टायरांपाशी जाऊ नये म्हणून त्या रिकामी टोपली आडवी लावून बसल्या होत्या.

सावळीराम गुडघ्यांवर बसला. सवयीनं त्याचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला, टायरवरची धूळ पुसायला, आणि तसाच परत आला. त्यानं पेटीचं दार टायरला टेकवून ठेवलं. "चला," तो म्हणाला. "चुकलं माझं. चला घरी."

पहिल्या दोन-चार चालत आत गेल्या. मग त्यांच्यामागून रांग लागली, सावकाश, दमलेली. तासाभरानं जेवढ्या येणार होत्या तेवढ्या आत आल्या. निम्म्यासुद्धा नसतील.

लखन शटर ओढायला बाहेर आला. "अण्णा, हे टायर उद्या सकाळी भंगारवाला नेणार हाय."

सावळीरामनं पेटीवर हात ठेवला होता. आतून हलका घुमारा येत होता. "उद्या नको देऊ," तो म्हणाला. "काही अजून बाहेर कुठंतरी राहिल्यात. उजाडलं की घर शोधत इथंच येतील. त्यांना हे टायर सोडून दुसरं काही ओळखीचं नाही. मी सकाळपर्यंत इथंच थांबतो."

लखननं शटर अर्धंच ओढलं आणि आतून एक पोतं आणून त्याला बसायला दिलं.